सुताचे दागिने

दागिन्यात दोरा असतो, ही गोष्ट दागिना तुटेपर्यंत सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. बोरमाळ असो, मोहनमाळ असो की ठुशी असो, बघणारा मणी पाहतो, घडण वाखाणतो, वजनाचा अंदाज बांधतो. परंतु ते सारे वैभव ज्याच्या आधाराने गळ्यात राहते त्या दोऱ्याची कोणी विचारपूस केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. दागिना मोडीस निघाला म्हणजे तर त्याची दशा अधिकच केविलवाणी होते. सराफ कात्रीने दोरा कापतो, मणी वाटीत ओततो, सोने काट्यावर चढते आणि दोरा-गोंडा गिऱ्हाइकाच्या हाती परत येतो. त्याचे मोल शून्य. पूर्वी पेठांतून पटवेकरी असत. रेशीम पिळून त्यात मणी ओवावेत, मागे गोंडा बांधावा, सरकती गाठ घालून गळ्याच्या मापाचे करून द्यावे, हा त्यांचा व्यवसाय. सोनाराचे नाव घरोघर राही. पटवेकऱ्याला मात्र फक्त दोरा जीर्ण झाला की हाक जाई.

वास्तविक आपल्याकडे दोऱ्याचा मान लहान नाही. श्रावणातल्या पौर्णिमेचे पोवते सुताचे, अनंताचा दोरा सुताचा, मुंजीतले जानवे सुताचे, लग्नात वधूवरांभोवती गुंडाळतात तेही सूतच. फार काय, ज्या अलंकारास आपण सर्वांत थोर मानतो त्याच्या नावात सोन्याचा उल्लेखही नाही. ते मंगळसूत्र आहे. ज्यांच्या घरी सोन्याची वाटी येऊ शकली नाही त्यांच्या घरी हळदीत भिजवलेल्या दोऱ्याने आणि हळकुंडाने लग्ने लागली, व ती सोन्याच्या वाट्यांइकीच टिकली. असे असता, निव्वळ सुताचा दागिना घरी करून गळ्यात घालावा, असे आम्ही म्हटले तेव्हा आप्तेष्टांना त्याचे एवढे हसू का यावे, हे आम्हांस कळले नाही.

'आम्ही' म्हणजे कोण, याचा खुलासा येथेच करणे बरे. हा 'आम्ही' संपादकांचा नव्हे, की लेखकाच्या मोठेपणाचाही नव्हे. बेळगावातील एका घरात आम्ही दोघी जावा राहतो. घरात क्रोशाच्या सुया दोन आहेत, दिवा एक आहे आणि त्या दिव्याखाली दुपारची झाकपाक झाल्यावर किंवा रात्री जेवणे आटोपल्यावर आम्ही दोघी बसतो. पुढे जे मतभेद सांगावयाचे आहेत ते आमच्यातलेच आहेत. कोण काय बोलली ते मात्र सांगणार नाही. 'आम्ही' या शब्दाची एवढी सोय आम्हांस असू द्यावी.

क्रोशे आम्हांस शिकविले ते कॅम्पात राहणाऱ्या एका गोवेकर मावशींनी. त्यांचे शिक्षण मडगावला झालेले, १९६१ पूर्वीचे. नाताळापूर्वी त्यांच्या घरी मेजावर अंथरायची पांढरी शुभ्र जाळी धुऊन, खळ देऊन, टाचण्या टोचून वाळत घातलेली असे. तिला त्या 'रेंद' म्हणत. शब्द पोर्तुगीज आहे, पण त्यांच्या कोकणीत तो इतका मुरला होता की परका वाटू नये. दोरा घाईने ओढला की त्या चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "सवकास गो बाय, सवकास!" आज त्या नाहीत, पण सुईवर दोरा आवळला गेला की आम्हां दोघींपैकी कोणीतरी तेच वाक्य त्याच हेलात म्हणते आणि बोटे आपोआप सैल होतात.

'क्रोशे' हा शब्द फ्रेंच. त्याचा अर्थ केवळ लहान आकडी. सबंध विद्येचे नाव तिच्या हत्याराच्या टोकावरून पडले आहे आणि ते योग्यच आहे, कारण या कामाला दुसरे हत्यार लागत नाही. विणकामाला दोन सुया, भरतकामाला चौकट, कापडाला माग. क्रोशाला बोटभर लांबीची एक आकडी पुरते. सुताच्या दागिन्यांसाठी आम्ही एक मिलिमीटरच्या आतबाहेरची पोलादी सुई वापरतो. दोऱ्याचे क्रमांक उलटे चालतात, हे नवख्यांनी लक्षात ठेवावे: दहा नंबरचा दोरा जाड, वीसचा त्याहून बारीक, चाळीसचा त्याहूनही बारीक. माळेसाठी वीस, कुड्यांसाठी चाळीस, असा आमचा पाठ आहे. दोऱ्याला जी रेशमासारखी झाक असते तिचाही इतिहास आहे. जॉन मर्सर या इंग्रज रंगाऱ्याने १८४४ साली सुती कापडावर कॉस्टिक सोड्याचा प्रयोग केला; त्याने सूत बळकट झाले, रंगही अधिक धरू लागले, परंतु ते आक्रसू लागल्याने व्यापाऱ्यांनी तिकडे पाठ फिरवली. पुढे १८९० मध्ये होरेस लो याने तेच सूत ताणून धरून त्या द्रावणातून काढले, आणि त्या ताणामुळे सुताला ही कांती आली. ताण सोसल्यावाचून तेज येत नाही, हे आमच्या शहापूर-वडगावच्या मागवाल्यांना सांगावे लागणार नाही.

टाक्यांची मराठी नावे आम्हांस फार आवडतात. पहिली साखळी. तिच्यावर उभा राहतो तो खांब. ठेंगणा असेल तर मुका खांब, त्याच्या आणि पुऱ्या खांबाच्या मधला तो अर्धा खांब. ही नावे कोणा बाईने प्रथम दिली कोण जाणे. पण जिने घर बांधताना पाहिले आहे तिनेच ती दिली असावीत. सारा खेळ या तीनचार टाक्यांचा आणि मोजणीचा आहे. बोटाभोवती दोऱ्याचे कडे करून त्यात सहा मुके खांब घालावेत. पुढल्या फेरीस प्रत्येक घरात दोन घालून बारा करावेत, त्यापुढे अठरा. असे सहासहाने वाढवीत गेले तर सपाट चकती होते. वाढ थांबविली की चकतीचे काठ उभे राहून वाटी होते. वाटीत लाकडी मणी बसवावा, दोन टाक्यांचा एक करीत बाराचे पुन्हा सहा करावेत आणि तोंड आवळून घ्यावे, म्हणजे बोरमाळेचा एक मणी झाला. आणि वाढ प्रमाणाबाहेर केली तर? तर काठाला झालर पडते, कोंबड्याच्या तुऱ्यासारखी. या झालरीला आम्ही कर्णफुलांच्या पाकळ्यांत राबवितो. परंतु १९९७ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात डायना ताइमिना या मूळच्या लॅटव्हियाच्या गणितज्ञ बाईंनी हीच झालर क्रोशाने विणून भूमितीतला एक वक्र पृष्ठभाग विद्यार्थ्यांच्या हातात ठेवला. तो कागदावर काढून दाखविणे कठीण जात होते, ते सुईने साधले. गणिताचे नाव काढताच ज्या आमच्या मैत्रिणी उठून जातात, त्यांना ही हकीकत आम्ही मुद्दाम सांगतो.

सोनारांनी आपल्या दागिन्यांची नावे रानातून आणि शेतातून उचलली आहेत. बोरे, बकुळ, पोहे, जोंधळे, चिंच यांच्यापासून बोरमाळ, बकुळहार, पोहेहार, जोंधळी पोत, चिंचपेटी हे अलंकार झाले. आम्ही सोनारांपासून उचलतो. बोरमाळ सर्वांत सोपी, कारण ती म्हणजे एकाच मण्याची आवृत्ती. ठुशी अवघड, तिचे बारीक मणी एकमेकांस खेटून बसले पाहिजेत आणि तरीही गळ्याला वळले पाहिजेत. तिच्यासाठी आम्ही काचमणी दोऱ्यात आधीच ओवून घेतो व एकेका टाक्याबरोबर एकेक मणी ओढून बसवितो. या कामात एक गंमत आहे. जो मणी शेवटी ओवला तो टाक्यात पहिला येतो. म्हणून नक्षी उलट्या क्रमाने ओवावी लागते. माळेचा शेवट आधी ठरवून, तेथून मागे येत येत सुरुवातीस पोचावे लागते. आयर्लंडातल्या क्लोन्स गावच्या नावाने ओळखली जाणारी एक गाठ आहे. सुईभोवती दोरा झोके घेत गुंडाळून ती घालतात आणि ती मोहरीच्या दाण्याएवढी फुगून बसते. आमच्या कुड्यांच्या मध्यभागी मोत्याच्या जागी तीच गाठ असते.

काम झाल्यावर दागिना कोमट पाण्यात धुवावा, टॉवेलात दाबून पाणी टिपावे, पाकळ्या टाचण्यांनी ताणून ठेवाव्यात आणि साबुदाण्याची पातळ खळ ब्रशाने द्यावी. हल्ली खळीच्या जागी बाटलीतला डिंक मिळतो. तो पाण्याला टिकतो खरा, पण सुताची माया घालवितो. गडद लाल दोऱ्याचा रंग आधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून पाहावा. कानात जाणारी आकडी आम्ही चांदीची घालतो. कारण स्वस्त धातूतल्या निकेलने कित्येक मुलींच्या कानाच्या पाळ्या चिघळतात, आणि सुताचा दागिना घ्यायला येणाऱ्यांत अशा मुली पुष्कळ असतात. त्याचे वजन म्हणाल तर नाहीच. जुन्या बायकांच्या कानांच्या ओघळलेल्या पाळ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या नसण्याची किंमत वेगळी सांगायला नको.

येथवर सारे गोड आहे. कडू भाग पुढे आहे, आणि तो किमतीचा आहे.

आमच्या घरातील एक पगार २०२० साली थांबला. तोवर हे दागिने भाच्या-पुतण्यांच्या वाढदिवसांना जात. त्यानंतर ते विकावे असा विचार निघाला. हिवाळ्यात महिलांच्या एका प्रदर्शनात आम्ही मेज मांडले. एक बाई आल्या. बोरमाळ त्यांनी उचलली, गळ्याशी धरली, आरशात पाहिले, चेहरा खुलला. किंमत ऐकली आणि माळ खाली ठेवीत म्हणाल्या, "दोऱ्याचे एवढे?" त्यांच्या स्वरात खवचटपणा नव्हता; त्यांना खरेच आश्चर्य वाटले होते. त्या रात्री आमच्या दिव्याखाली टाके पडले नाहीत, वाद झाला.

आमच्यापैकी एकीचे म्हणणे असे की, बाईंचे चुकले काय? दोरा, लाकडी मणी आणि गोंडा मिळून पन्नास रुपयांच्या आत येतात. बाकीचे आपले हात. आणि हात तर एरवीही रिकामेच असतात. रिकाम्या वेळाचे पैसे लावू नयेत. थोडक्यात द्यावे, चार जास्त विकावे. दुसरीचे म्हणणे असे की, हात कधी रिकामे होते ते दाखव. एकेचाळीस मण्यांची माळ. एका मण्यास पंधरा मिनिटे. म्हणजे सव्वादहा तास नुसत्या मण्यांचे, ओवणे आणि गोंडा निराळा. हे सव्वादहा तास झोपेतून, वाचनातून आणि पाठीच्या कण्यातून काढलेले आहेत. त्यांची किंमत आपणच शून्य धरली, तर गिऱ्हाइकाने ती का म्हणून धरावी?

हा वाद आमच्या घरात जन्मला असे आम्हांस त्या रात्री वाटले. परंतु त्याला मोठा वंश आहे. १८४५ साली आयर्लंडात बटाट्यावर रोग पडून दुष्काळ सुरू झाला, तेव्हा मठांतील जोगिणींनी आणि घरंदाज स्त्रियांनी गरीब बायकामुलींना क्रोशाची जाळी करावयास शिकविले. त्याच क्लोन्स गावी धर्मगुरूंच्या पत्नी कॅसांड्रा हँड यांनी १८४७ मध्ये हे काम सुरू केले. शेतात काही उगवत नव्हते, तेव्हा कित्येक चुली या सुयांवर पेटल्या. आपल्याकडे आंध्रातील पश्चिम गोदावरी जिल्ह्यात नरसापूर येथे मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात ही कला रुजविली, आणि तेथल्या हजारो बायकांनी घरी बसून विणलेली जाळी परदेशी जाऊ लागली. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी त्या बायकांवर लिहिलेले पुस्तक १९८२ साली प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी दाखवून दिले की, या बायका दिवसाचे कितीतरी तास राबत. परंतु व्यापारी, घरचे पुरुष आणि पुष्कळदा त्या स्वतःही त्यांना कामकरी न म्हणता गृहिणी म्हणत. फावल्या वेळचे काम म्हटले की फावल्या वेळची मजुरी. आणि नफा मात्र पूर्णवेळ. नरसापूरच्या क्रोशाला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट. मानांकनाबरोबर बायकांच्या पदरात काय पडते ते पाहिले पाहिजे.

आणखी एक गोष्ट. बाजारात यंत्राची जाळी ढिगाने मिळते. पण तिचा टाका निराळा असतो. साखळी आणि खांब यांनी उभा राहणारा क्रोशाचा दागिना अजूनही हातावरच होतो. म्हणजे परदेशी शिक्क्याची चार पैशांची क्रोशाची कर्णफुले आपण पेठेत पाहतो, तेव्हा ती यंत्राने स्वस्त झालेली नसतात. कुठल्याशा गल्लीत, कुठल्याशा दिव्याखाली, कोणाच्या तरी हातांनी स्वस्त केलेली असतात. हे कळल्यानंतर आमच्यापैकी पहिलीचे म्हणणे थोडे मऊ झाले. मात्र तिचा एक प्रश्न उरलाच, आणि तो रास्त होता: तास मोजावेत हे खरे, पण तासाचा भाव कोणता लावावा? आपले आपणच ठरविले तर तो लोभ, आणि गिऱ्हाइकाने ठरविला तर ती दया.

तोडगा निघाला तो आमच्या गल्लीतल्या शिवणकामाच्या बाईंवरून. साडीला फॉल लावून पिको करण्याचे जे त्या घेतात, ते मोजून द्यायला कोणी कुरकुरत नाही. कारण तेथे यंत्राचा खडखडाट ऐकू येतो आणि काम हे काम आहे हे कानाला पटते. आम्ही त्यांना विचारून त्यांच्या हातशिलाईचा तासाचा दर काढला. तोच आमचा दर. त्याहून एक रुपया अधिक नाही, एक रुपया उणा नाही. पुढल्या प्रदर्शनात प्रत्येक दागिन्याखाली आम्ही चिठ्ठी ठेवली: दोरा-मणी इतक्याचे, तास इतके. कित्येकांनी चिठ्ठी वाचून दागिना खाली ठेवला. परंतु ज्यांनी घेतला त्यांपैकी एकीनेही घासाघीस केली नाही. एक कॉलेजातली मुलगी तर बराच वेळ चिठ्ठी वाचीत उभी राहिली, आणि "माझी आजी असे करायची, तिचे तास कोणी लिहिले नाहीत," एवढे बोलून कुड्या घेऊन गेली. त्या दिवशी एकंदर विक्री आधीच्या वर्षाहून कमी झाली, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. वर्षभरात मात्र ती हळूहळू वर आली, आणि घरातल्या मुलीच्या कॉलेजच्या फीचा एक हप्ता यंदा दोऱ्यातून भरला गेला.

आता ज्यासाठी हे सारे लिहावयास घेतले ते सांगतो.

आमच्या सासूबाईंचे लग्न १९६३ च्या मे महिन्यातले. त्याच वर्षी जानेवारीत सुवर्णनियंत्रणाचे नियम आले होते आणि चौदा कॅरेटच्या वर नवा दागिना घडविण्यास बंदी झाली होती. त्या नियमांनी देशभरच्या सोनारांच्या शेगड्या थंडावल्या. सासूबाईंची ठुशी त्या काळातली, चौदा कॅरेटची, सोन्यापेक्षा पितळेकडे झुकणाऱ्या फिक्या रंगाची. माहेरच्यांना तिची लाज वाटे; त्यांना स्वतःला ती अतिशय प्रिय होती. पुढे मुलांच्या शिक्षणासाठी ती मोडली. सराफाने दोरा कापला, मणी तोलले, आणि डाळिंबी रेशमाचा गोंडा त्यांच्या हातात परत दिला. तो त्यांनी एका पत्र्याच्या डबीत ठेवला. १९९४ साली सासरे गेले आणि त्यानंतर सासूबाईंच्या अंगावर दागिना म्हणून काही दिसले नाही. कोणी सक्ती केली असे म्हणता येणार नाही. रीत होती, ती त्यांनी पाळली. आणि आम्ही सुना म्हणून या घरात आलो तेव्हा त्यांचा मोकळा गळा हा आमच्या दृष्टीने घराच्या भिंतीसारखाच कायमचा होता.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव केला की, नवरा वारल्यावर बायकोचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या चाली आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरविण्यास सांगितले. हेरवाड आमच्यापासून लांब नाही. बातमी आमच्या ओसरीवर वाचली गेली. सासूबाईंनी ती पुरी ऐकून घेतली आणि "बरे केले," एवढेच म्हणाल्या. त्यावर आम्ही काही बोललो नाही. सत्तरी उलटून गेलेल्या बाईस, तुम्ही आता दागिने घाला, असे सांगणारे आम्ही कोण? रीत पाळणे जसे त्यांच्यावर सोपविलेले नव्हते, तसे ती मोडणेही आम्ही त्यांच्यावर लादू नये, असे आम्हा दोघींचे मत पडले. याबाबतीत मात्र वाद झाला नाही.

पुढे काही महिन्यांनी एका रात्री आम्ही ठुशी विणीत होतो. सासूबाई शेजारी वाती वळीत बसल्या होत्या. त्यांनी हात थांबविला, अर्धी झालेली ठुशी बोटांनी चाचपली, मणी खेटून बसले आहेत की नाहीत ते नखाने पाहिले. मग विचारले, "हे सोने नव्हे ना गं?"

"नाही आई. सूत आहे, आणि काच."

"सूतच की," त्या म्हणाल्या. वाती बाजूस ठेवल्या. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "सुताला काय रीत लागते? सूत तर मी रोजच नेसते."

आम्ही एकमेकींकडे पाहिले नाही. पाहिले असते तर कोणाचा तरी धीर सुटला असता. एकीने फक्त विचारले, "कुठला रंग घेऊ? पांढरा?"

"पांढरा कशाला? डाळिंबी घे. आणि गोंडा नवा आणू नका, माझ्याकडे आहे."

ती ठुशी करावयास आम्हांस अकरा दिवस लागले. तिच्या तासांची चिठ्ठी लिहिली नाही. पत्र्याच्या डबीतला गोंडा जरा विटला होता, पण पीळ शाबूत होता. कोणा पटवेकऱ्याने तो १९६३ साली बांधला असेल. सोने मोडले, सोन्याचे पैसे झाले, पैशांची शिक्षणे झाली, आणि ज्याला सराफाने मोजले नाही ते एवढेसे रेशीम तेवढे उरले. नातीच्या साखरपुड्यात सासूबाई ती ठुशी घालून बसल्या. दोन वृद्ध नातेवाइकांनी भुवया उंचावल्या, तेव्हा त्यांनीच पुढे होऊन सांगितले, "सूत आहे हो. सुनांनी विणले आहे." त्या म्हाताऱ्यांपैकी एकीने जेवणानंतर आम्हांस स्वयंपाकघरात गाठले आणि हलक्या आवाजात विचारले, "तसलेच, पण काळ्या रंगात, मला होईल का?"

तेव्हापासून आमच्याकडे अशा मागण्या येतात. त्या प्रदर्शनात येत नाहीत. कोणाच्या तरी हातून, कोणाच्या तरी निरोपातून येतात. निपाणीहून एक आली, म्हापशाहून एक आली. त्या बायकांना सोने परवडत नाही असे नाही; काहींच्या कपाटांत तोळ्यांनी पडून आहे. सोने घालायला त्यांना घराची संमती लागते, समाजाची लागते, आणि सर्वांत अवघड म्हणजे मनाची लागते. सूत त्या सर्वांच्या डोळ्यांखालून निघून जाते. हा काही मोठा विजय आहे असे आम्ही म्हणत नाही. आडवाटेने मिळविलेला हक्क हमरस्त्याने मिळविलेल्या हक्काएवढा मोलाचा नसतो, आणि हेरवाडने केले ते गावोगाव होईल तो दिवस अधिक चांगला. परंतु ज्यांच्यापाशी वाट पाहण्याइतकी वर्षे उरलेली नाहीत, त्यांना आज घालायला काहीतरी हवे.

या मागण्यांचे आम्ही काय घेतो, असे वाचक विचारतील. जे इतरांकडून घेतो तेच घेतो. एकीने मध्यंतरी सुचविले की, अशा बायकांकडून पैसे घेऊ नयेत. तेव्हा सासूबाईच मध्ये पडल्या. फुकट दिलेला दागिना त्या घालणार नाहीत, म्हणाल्या. विकत घेतला तर घालतील.

त्यांच्या डोळ्यांना आता टाका दिसत नाही. पण मणी ओवण्याचे काम त्यांनी आपणहून घेतले आहे. ताटात मणी पसरून त्या बोटांनी निवडतात, तांदळातले खडे निवडावेत तसे. जाड, चेपका, फुटका मणी बाजूस पडतो, आणि उलट्या क्रमाची नक्षी आम्हा दोघींपेक्षा त्यांना चटकन साधते. त्यामुळे वहीत आता तिसरे नाव आहे आणि त्यापुढे तास आहेत. पहिल्या महिन्याचा त्यांचा वाटा आम्ही हातात दिला तेव्हा त्यांनी तो दोनदा मोजला, आणि पत्र्याच्या डबीत ठेवला. गोंडा निघाल्यापासून ती रिकामीच होती.